घणवालीनं सांडशी धरली

तिला सगळे घणवाली म्हणायचे आणि त्यात थट्टा नव्हती. लग्न होऊन लोहाराच्या घरात आली, त्याच वर्षी सासऱ्याचा खांदा निखळला, सांडशी नवऱ्याकडं गेली आणि घण तिच्या हातात आला. पुढं लेक पोटात असतानाचे थोडे महिने सोडले, तर तो घण तिनं खाली ठेवलाच नाही. लेक मोठी होऊन लग्न करून लांब गेली, सासरा गेला, सासूच्या तोंडातले दात गेले. घण तेवढा जागच्या जागी होता.

नवरा ऐरणीपुढं उकिडवा बसून सांडशीनं लाल लोखंड धरायचा. त्याच्या दुसऱ्या हातात छोटी हातोडी. ती लोखंडावर जिथं टिचकी मारील, तिथं हिचा घण पडायचा. हातोडी नुसती ऐरणीवर वाजली की थांबायचं. दिवसभरात दोघांमध्ये शब्द असा फारसा व्हायचा नाही. भांडण झालेलं असलं तरी काम अडायचं नाही. उलट भांडण असलं की फाळ लवकर होतात, असं सासू म्हणायची.

मग ती गाडी घसरली. चाकाची लोखंडी धाव बदलायला बैलगाडी टेकूवर चढवली होती. घणवाली खाली वाकली आणि टेकू सरकला. आसाचं टोक तिच्या कमरेवर आलं. हाडं जुळली. दवाखान्यात फोटो उजेडात धरून दाखवला, बघा, जुळली. पण कमरेतून निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस काही जुळली नाही. कुणी तापलेली सळई आत घालून सावकाश फिरवावी तसं दुखायचं. बसलं तरी, उठलं तरी, शिंक आली तरी.

त्यावर मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. पहिली गोळी लागू पडली तेव्हा ती हमसून हमसून रडली. दुखत नसलं की कसं वाटतं, हेच ती विसरून गेली होती. पण गोळीची ताकद पुरेना, म्हणून गोळी वाढली. वाढली तशी मळमळ वाढली, कोठा दगडासारखा झाला आणि झोप तर अशी यायची की घास तोंडात असताना मान खाली जायची. दुखणं मात्र गोळी उतरली की दारात हजर.

घण उचलायला नवऱ्यानं एक माणूस ठेवला. अंगानं दांडगा, म्हणून त्याला पैलवान म्हणत. घणवाली भात्यावर बसायची. जुना चामड्याचा भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला होता, पण घरात त्याला भाताच म्हणत.

पेरणीपूर्वीचे दिवस होते. जमीन तडकलेली, वारा धुळीचा. आसपासच्या सगळ्या शेतांतले फाळ, कुदळी, खुरपी भट्टीपुढं येऊन पडली होती. लोहाराचं वर्ष याच दिवसांवर चालायचं. त्यात यंदा तिठ्यावर वेल्डिंगचं दुकान निघालेलं. उशीर झाला की गिऱ्हाईक फाळ उचलून तिकडं चालू लागायचं.

त्या दुपारी मळेवाल्याचा फाळ भट्टीत होता. मळेवाला म्हणजे या बाजूचा सगळ्यात मोठा शेतकरी, त्याचं काम गेलं तर निम्मं काम गेल्यासारखं. नवरा दारात त्याच्याशी बोलत उभा होता. पैलवान पाणी प्यायला गेलेला. घणवाली भाता फिरवत होती आणि फिरवता फिरवता झोपली. हात काही थांबला नाही. इतक्या वर्षांचा हात तो, तो आपला फिरतच राहिला. आणि निखाऱ्यांत लोखंड लालाचं पिवळं झालं, पिवळ्याचं पांढरं, आणि त्यातून तडतड ठिणग्या फुटायला लागल्या.

"अगं!" नवरा धावला. त्यानं सांडशीनं फाळ ओढून काढला तेव्हा त्याचं टोक जळून भाजक्या वांग्यासारखं झालं होतं.

मळेवाला चांगला रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनींना घरात झोपवा की हो. भट्टीपाशी कशाला त्रास त्यांना?"

"नवा करून देतो," नवरा म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

सासू उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. ती कुणासाठी शब्द राखून ठेवणारी नव्हती. "गोळीनं कंबर झोपायची ती झोपली नाही," ती म्हणाली, "डोकं तेवढं झोपलं."

घणवालीला राग आला. आणि रागावत असतानाच तिला जाणवलं की म्हातारी खरं बोलतेय.

दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याला घेऊन मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात गेली. एसटीत बसवेना, म्हणून दांडा धरून उभीच राहिली. तिथं दुखण्याची वेगळी ओपीडी होती. डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, बोलणं भराभर.

"दुखणं कसंय आता?"

"गोळी घेतली की कमी होतं," घणवाली म्हणाली. "पण मग मीच कमी होते."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. "म्हणजे?"

"म्हणजे मी घरात असते पण नसते. काल भट्टीत लोखंड जळालं, मी तिथंच होते. दुखणं थोडं राहिलं तरी चालेल बाई, पण मला जागं ठेवा."

नवरा खुर्चीच्या काठावर बसला होता. तो पुढं झुकून, बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "डॉक्टर, हिला नशा लागलीय का? औषधाच्या दुकानातला तसा बघतो हो. परवा सगळ्या रांगेसमोर विचारलं त्यानं, इतक्यात संपल्या का म्हणून."

"शरीराला सवय झालीय. एवढे दिवस गोळी घेतल्यावर ती झाली नसती तरच नवल. नशेच्या मागं लागलेला माणूस कामधाम सोडतो. या काम करता यावं म्हणून आल्यात. तुम्हीच सांगा फरक."

नवरा मागं टेकून बसला. एवढा वेळ त्यानं अंग चोरून धरलं होतं, ते घणवालीला आत्ता कळलं.

"गोळी बदलता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडीवर चिकटवायची पट्टी असते, तीच देणार होते. पण तुम्ही भट्टीपाशी बसता म्हणालात ना?"

"दिवसभर."

"मग पट्टी नको. उष्णतेनं त्यातलं औषध एकदम अंगात उतरतं, जिवाशी खेळ होईल. जिभेखाली ठेवायची गोळी देते. हिनं झोप कमी येईल, कोठाही सुटेल. पण बदलायचा एक दिवस वाईट जाईल, ते आत्ताच सांगते. जुनी अंगातून उतरायला लागल्याशिवाय नवी घ्यायची नाही. घाई केलीत तर सगळा त्रास एकदम अंगावर कोसळेल. नाक गळेल, जांभया येतील, अंगावर काटा येईल, पोटात कळा येतील. तोवर थांबायचं. आमची सिस्टर तुमच्याच भागात राहते, ती घरी येईल. ती म्हणेल तेव्हाच नवी. आणि उरलेल्या जुन्या तिच्याकडं द्यायच्या."

नव्या गोळीचं नाव ब्युप्रेनॉर्फिन असं लांबलचक होतं. घरी येईपर्यंत ते दोघंही विसरले. त्यांनी तिला नुसतं 'नवी' म्हणायला सुरुवात केली.

सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "जुनी गेल्याशिवाय नवी घरात आणायची नाही. एवढं माझ्या नवऱ्याला कुणी सांगितलं असतं तर माझा जन्म सुखात गेला असता."

ठरलेल्या दिवशी घणवालीनं सकाळची गोळी घेतली नाही. ऊन चढेपर्यंत विशेष काही झालं नाही, नुसत्या जांभया. तिला वाटलं, एवढंच होय! मग नाक वाहायला लागलं. डोळ्यांतून पाणी. हवेत उष्म्याच्या झळा असून अंगावर काटा आला, आणि ती गोधडी ओढून घेते तोच घामानं भिजली. पाय आपोआप झटके देऊ लागले, डावा तर लाथा मारत असल्यासारखा. पोटात कळ उठली. आणि या सगळ्याच्या मागून दुखणं आलं. गोळीनं इतके दिवस त्याच्यावर काहीतरी पांघरूण घातलेलं होतं. आज ते उघडं आलं.

"भट्टी बंद ठेवतो आज," नवरा म्हणाला.

"बंद कशाला? चालू द्या. आवाज तरी येऊ दे."

तो गेला. घणाचा आवाज यायला लागला. ती पडल्या पडल्या मोजत नव्हती तरी तिला ऐकू येत होतं की पैलवानाचा घण टिचकीच्या मागं राहतोय. मग तेही ऐकू येईनासं झालं. तिनं तोंडात गोधडीचं टोक धरलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. त्याची दुसरी मूठ मिटलेली होती. तो शेजारी टेकला आणि मूठ उघडली. जुनी गोळी.

"एकच," तो म्हणाला. "सिस्टर येईपर्यंत. कुणाला कळणार नाही. मला बघवत नाही गं."

तिनं गोळी घेतली. तळहातावर ती एवढीशी, पांढरी. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ते तिला कळलं आणि लाजही वाटली, पण पाणी सुटायचं थांबलं नाही. ही तोंडात टाकली की थोड्या वेळात सगळं शांत. आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून, किंवा कधीच नाही. घामानं गोळी हाताला चिकटायला लागली.

"आई," तिनं हाक मारली. "आई, इकडं या!"

सासू आली. घणवालीनं गोळी तिच्या हातात ठेवली. "ही तुमच्यापाशी ठेवा. मी मागितली तरी देऊ नका. तुमच्या लेकानं मागितली तरी देऊ नका."

म्हातारीनं गोळी मुठीत घेतली, लेकाकडं एकदा नीट बघितलं, म्हणाली, "तू जा, लोखंड बडव," आणि दारात फतकल मारून बसली.

थोड्याच वेळानं घणवालीनं गोळी मागितली. आधी विनवून मागितली. मग ओरडून. मग तिच्या तोंडून असे शब्द निघाले की जे तिनं या घरात आल्यापासून गिळून ठेवले होते. म्हातारीच्या खोचक बोलण्याबद्दल, लेक झाली त्या बाळंतपणात केलेल्या हालांबद्दल, दुधावरची साय लपवून ठेवण्याबद्दल. भट्टीवरचा आवाज थांबला. शेजारणीनं खिडकी उघडल्याचं ऐकू आलं.

म्हातारी ढिम्म हलली नाही. घणवालीला धाप लागली तेव्हा म्हातारीनं विचारलं, "संपलं?"

"नाही!"

"मग बोल की. मी कुठं चाललेय? पण सायीचं म्हणशील तर ती मांजर खायचं."

"मांजर नव्हतंच आपल्याकडं!"

"नव्हतं का?" म्हातारी म्हणाली. आणि एवढ्या कळांमधून घणवालीला हसू फुटलं. हसताना कमरेत लखकन गेलं, ती कण्हली, पुन्हा हसली. म्हातारी सरकत सरकत जवळ आली आणि तिनं तो लाथा मारणारा पाय दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला. मुठीतली गोळी सोडली नाही. तशीच, मूठ मिटून, मनगटानं दाबत राहिली.

सिस्टर स्कूटरवरून आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिनं बॅटरीनं डोळ्यांतल्या बाहुल्या बघितल्या, नाडी धरली, दंडावरचा काटा बोटानं चाचपला.

"अजून थोडं."

"अजून?" नवरा दारातून म्हणाला. तो केव्हाचा येऊन उभा होता.

"थोडंच. ताई, इतका वेळ काढलात, आता घाई करून घालवू नका."

तो थोडा वेळ कसा गेला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. शेवटी सिस्टरनं पुन्हा बाहुल्या बघितल्या आणि पाकिटातून गोळी काढली. "जिभेखाली. गिळायची नाही, चघळायची नाही, बोलायचं नाही. आपोआप विरघळू द्यायची."

गोळी कडू होती. घणवाली डोळे मिटून पडली. काही झालं नाही. मग तिच्या लक्षात आलं की पाय झटके देत नाहीये. मग घाम वाळला. ओली भिंत उन्हानं वाळत जावी तसं ते होतं, कुठून सुरू झालं ते कळायचं नाही, पण कोरडी जागा वाढत जायची. सिस्टरनं थांबून आणखी एक दिली. दिवे लागायच्या वेळेला घणवाली उठून भिंतीला टेकून बसली होती आणि भात मागत होती.

सासूनं मूठ उघडून गोळी सिस्टरपुढं धरली. घामानं तिचं पीठ झालं होतं. "घे बाई," ती म्हणाली. "तुमच्या हिशेबात भुगाही धरा."

पुढच्या काही दिवसांत सिस्टरनं गोळीचं प्रमाण दोनदा वाढवलं. डोकं दुखायचं, घाम यायचा, मग तेही ओसरलं. कोठा सुटला तेव्हा सासूनं ती बातमी शेजारणीला अंगणातूनच ओरडून सांगितली. दुखणं गेलं नाही. ते कुत्र्यासारखं कोपऱ्यात जाऊन बसलं. दिसायचं, अधूनमधून गुरगुरायचं, पण अंगावर यायचं नाही. आणि घणवाली जागी होती. सकाळी जागी, दुपारी जागी. तिला वस्तूंच्या कडा दिसायला लागल्या. घरात किती जाळी झालीत ते दिसलं. नवऱ्याच्या दाढीत पांढरं किती वाढलंय ते दिसलं. आणि पैलवान कामात किती कुचकामी आहे, तेही दिसलं.

ते तिनं बोलून दाखवायच्या आतच पैलवान काम सोडून गेला. वेल्डिंगच्या दुकानात डोक्यावर पंखा होता आणि तिथं घण नव्हता. ऐन दिवसांत. भट्टीपुढं फाळांचा ढीग कमरेएवढा.

"दुसरा माणूस बघतो," नवरा म्हणाला.

"कुठं बघताय? सगळे शेतात लागलेत," घणवाली म्हणाली. "घण तुम्ही घ्या. सांडशी मी धरते."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला. ती हसली नाही, तसा त्याचा चेहरा बदलला.

"सांडशी माझ्या आज्याच्या हातात होती, बापाच्या हातात होती. लोक काय म्हणतील? लोहार घण मारतोय आणि बायको सांडशी धरून बसलीय?"

"मला घण आता या जन्मात उचलणार नाही. पण हातोडी उचलते. डोळे उघडे आहेत. लोखंड कधी काढायचं, कुठं ठोकायचं, हे मला दिसतंय."

"बघणं वेगळं आणि धरणं वेगळं."

"लोकांचं म्हणतोस," सासू उंबऱ्यातून म्हणाली, "तर लोक आत्ता काय म्हणतात ते तिठ्यावर जाऊन ऐकून ये."

तो भट्टीवर गेला. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात मोठा हातोडा, असं एकट्यानं करून बघितलं. लोखंड निसटायचं. निसटलेलं उचलेपर्यंत निवायचं. सकाळभरात एक फाळ झाला आणि तोही वाकडा. जेवायला आला तेव्हा त्याच्या पायावर भाजल्याचा चट्टा होता. त्यानं तो धोतराखाली झाकला आणि दोघींनी बघितलाच नाही असं दाखवलं.

दुपारी बाहेरून खणल्याचा आवाज यायला लागला. घणवाली काठी टेकत गेली. नवरा गुडघ्यावर बसून पहारीनं ऐरणीभोवतीची जमीन उकरत होता. ती ऐरण त्याच्या आज्यानं पुरलेली. जमिनीलगत, उकिडवं बसून काम करायच्या उंचीला. घणवालीला उकिडवं बसता येत नव्हतं.

तो वर बघेना. संध्याकाळपर्यंत त्यानं ऐरण सुटी केली, बाभळीचा जाड ठोकळा पुरून त्यावर ती बसवली, हलवून बघितली, खाली पाचर मारली. मग घरातलं उंच स्टूल आणलं, त्यावर पोतं घातलं आणि डाव्या पायासाठी समोर एक वीट ठेवली. वीट सरकवून सरकवून बघितली.

"बस," तो म्हणाला. "उंची बघू."

सकाळी भट्टी पेटली. भात्यावर सासू बसली. लोखंड लाल झालं, घणवालीनं सांडशीनं काढून ऐरणीवर घेतलं, हातोडीनं टिचकी मारली. नवऱ्याचा घण पडला, पण टिचकीवर नाही. बोटभर अलीकडं. तिनं पुन्हा टिचकी मारली. घण पुन्हा त्याला हवा तिथं. तिनं हातोडी ऐरणीवर वाजवली. तो थांबला नाही, आणखी दोन हाणले, आणि टोक मुडपलं.

घणवालीनं सांडशी खाली ठेवली.

"काय झालं?"

"मी आयुष्यभर तुमच्या टिचकीवर घण मारला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कधी वाटायचं, इथं नको, जरा पलीकडं हवा. पण तुम्ही दाखवलंत तिथंच मारला. सांडशी ज्याच्या हातात, त्याला लोखंड कळतं, म्हणून. आता ती माझ्या हातात आहे."

तो घण टेकून उभा राहिला. घामाचा थेंब नाकावरून ऐरणीवर पडला आणि चर्रकन उडाला. सासू भाता फिरवायची थांबली होती.

"तापव पुन्हा," तो म्हणाला.

या वेळी टिचकी जिथं, घण तिथं. टिचकी, घण. टिचकी, घण. तिसऱ्यांदा तापवलं, त्या तावात दोघांचं असं बसलं की मधला श्वासही एकच. फाळाचं टोक सरळ, पाणीदार निघालं. त्यानं ते उचलून उन्हात फिरवून बघितलं, अंगठा लावला आणि ढिगातला पुढचा फाळ तिच्या हातात दिला. एवढी मोठी शाबासकी त्यानं बापालाही कधी दिली नव्हती.

दोन तावांमध्ये ती उठून चार पावलं चालायची, कंबर मोकळी करायची, पुन्हा बसायची. दुखत होतं. दुखू दे, ती म्हणायची. ढीग गुडघ्याएवढा झाला.

त्यातच मळेवाला आला. त्याच्या गड्यानं खांद्यावरून मोठ्या नांगराच्या दांडीचे दोन तुकडे आणून टाकले. "वेल्डिंगवाल्यानं जोडून दिली होती. पहिल्याच तासात तुटली." मग त्याचं लक्ष स्टुलाकडं गेलं आणि तो घुटमळला. "तुम्ही... म्हणजे, वहिनी करणार?"

"मी धरणार, हे मारणार," घणवाली म्हणाली. "थांबून बघायचं तर थांबा."

तो थांबला. आणखी दोघं-तिघं थांबले. भट्टीतला जोड हे लोहारकामातलं सगळ्यात नाजूक काम. दोन्ही टोकं एकाच वेळी एवढी तापली पाहिजेत की लोखंड लोखंडात मिसळेल, आणि डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ जास्त झाला तर जळेल. जोडात मळ राहू नये म्हणून तिनं टोकांवर वाळू टाकली. निखाऱ्यांत बघत राहिली. लाल. केशरी. पिवळं. नवऱ्यानं घण उचलून धरला होता. तो एकदा म्हणाला, "आता?" ती नाही म्हणाली. पिवळं आणखी फिकं झालं. मग लोखंडाची कातडी ओली दिसायला लागली, तुपाचा हात फिरवल्यासारखी.

"आता!"

एक तुकडा तिनं सांडशीनं, दुसरा मळेवाल्याच्या गड्यानं थंड टोकाला धरून ऐरणीवर आणला, दोन्ही एकावर एक बसले, टिचकी पडली आणि त्याच्यावर घण. ठिणग्या सगळ्यांच्या पायांपर्यंत उडाल्या. मळेवाला मागं सरला. टिचकी, घण, टिचकी, घण, आणि हातोडी ऐरणीवर वाजली. घण हवेत थांबला.

दांडी निवल्यावर मळेवाल्यानं ती स्वतः उचलली. दाराबाहेरच्या काळ्या दगडावर आपटली. दगडाचा टवका उडाला. त्यानं जोड शोधायला बोट फिरवलं, पुन्हा उलट फिरवलं.

"कुठं जोडलीय?" त्यानं विचारलं.

"शोधा," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा काजळीनं काळा झाला होता आणि तो हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता.

दिवस मावळतीला आला तशी माणसं वाढली. ही बातमी शेतांतून कशी फिरली कुणास ठाऊक. कुणी फाळ घेऊन आलं, कुणी मोडकी कुऱ्हाड. घणवालीनं मात्र हात धुतले आणि गोळी जिभेखाली ठेवली. गोळीची वेळ झाली की ती कुणासाठी थांबायची नाही.

"वहिनी, ढिगातले माझे सहा फाळ कधी होतील?" मळेवाल्यानं विचारलं.

ती बोलली नाही. तो नवऱ्याकडं वळला. "तुम्ही तरी सांगा. परवापर्यंत?"

नवरा घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. "मला काय विचारता? सांडशीवाली सांगेल."

"मग त्या बोलत का नाहीत?"

"औषध विरघळतंय," सासू म्हणाली. तिनं एक रिकामं खोकं पायानं मळेवाल्याकडं सरकवलं. "बसा. वेळ लागतो."

मळेवाला खोक्यावर बसला. त्याच्यामागं उभे असलेले लोकही खाली टेकले. भट्टीतले निखारे हळूहळू राखेखाली जात होते. घणवाली पोतं घातलेल्या स्टुलावर ताठ बसली होती, डावा पाय विटेवर, सांडशी मांडीवर आडवी. सगळी मंडळी तिच्या तोंडाकडं बघत होती. तिला घाई नव्हती. तिनं गोळी शेवटच्या कणापर्यंत विरघळू दिली, मग तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायली, पदरानं ओठ टिपले.

"तेरवा या," ती म्हणाली. "आणि सकाळी लवकर या. रांग असते."